आधी गेट, मग आकडा

१६ नोव्हेंबर १९९८, सोमवार

गेटच्या फोनची तार गेली त्याला आज अकरा दिवस झाले. तांब्याची होती. तीन खांबांमधली कोणीतरी कापून नेली. ही चौथी वेळ. आता म्हणतात परत ओढायची नाही, दुसरंच काहीतरी येणार आहे.

म्हणून ही वही काढली. जुनं गेटचं रजिस्टर आहे, मागची पानं कोरी आहेत. मी चौथी शिकलेली. अक्षर वाकडं येतं पण येतं. आधी मनात काही आलं की फोन उचलायचा आणि धुरपदाअक्काशी बोलायचं. ती पुढच्या गेटवर राहते, पाच किलोमीटरवर. आता कोणाशी बोलू? ह्यांच्याशी बोललं तर हे माझ्या तोंडाकडे बघत राहतात आणि हं म्हणतात. भाजी कशी झाली, हं. पोरीला ताप आहे, हं.

तार नाही म्हणून गेट सदा बंद ठेवायचं. गाडी शिट्टी मारत मारत सावकाश येते. बैलगाडीवाले खोळंबतात आणि आम्हाला शिव्या देतात. हे सारखे रुळापाशी जातात, वाकून हाताचा पंजा टेकवतात आणि सांगतात, आली. शिट्टीच्याही आधी. ह्यांच्या हाताला कळतं. मला त्याचं कौतुक वाटतं.

२२ नोव्हेंबर, रविवार

पोरगी, आमची भिकू, रांगायला लागली. माझा जीव खाली-वर होतो. दारापासून रूळ सतरा पावलं. पदराला बांधून ठेवते तिला. पहिली राहिली नाही, दीड महिन्याची गेली. म्हणून हिचं नाव भिकू ठेवलं, मागून घेतलेली, म्हणजे कोणाची नजर जाणार नाही.

आज तारेची फार आठवण आली. लग्न होऊन आले तेव्हा ह्या गेटवर नुसता वारा होता. आजूबाजूला घर नाही. मी पारोळ्याची, किल्ल्याच्या बाजूला आमची गल्ली, दिवसभर माणसांचा गलका. इथं पहिल्या दिवशी मी चुलीपाशी बसून रडत होते. तेवढ्यात भिंतीवरची पेटी वाजली. दोनदा लांब, एकदा आखूड. ती आमची घंटी. हे पेटीवर हात ठेवून बसले होते. उठले, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तू बोल, मी चाक फिरवतो. चाक फिरवलं की गेट खाली येतं.

मी घाबरत घाबरत हॅलो म्हटलं. टेशनावरचे जीवराम नाना होते, आमचे मास्तर. म्हणाले, "निंबा का रे?" मी म्हटलं, "नाही, मी." ते म्हणाले, "बरं, मग निंबाच धरतो. गाडी येते आहे, गेट पाडा." आणि मधेच एक बाई हसली. मी दचकले. ती धुरपदाअक्का. म्हणाली, "नवी नवरी का व? नाव काय तुनं?" मग अजून एक पुरुष बोलला, मग अजून एक. तेव्हा कळलं. तार एकच. एकाने उचललं की सगळ्या गेटांना ऐकू येतं. त्या दिवसापासून मी एकटी नव्हते.

भिकू झाली तेव्हा तिला पोटदुखी फार होती. अक्का तारेवरून म्हणायची, "कुंदे, पोर कसाले रडी राहिनी? फोन लाव तिना कानले." आणि ती गाणं म्हणायची. नाना ओरडायचे, "अरे गाडीचा टाइम झाला, लाइन मोकळी करा." अक्का म्हणायची, "नाना, एक कडवं राह्यनं." आणि नाना थांबायचे.

३ डिसेंबर, गुरुवार

दुसरं काहीतरी आलं. मोबाईल फोन. जीपमधून दोन साहेब आले. एक आमच्या खात्याचे, एक फोनवाल्या कंपनीचे, गोरे, शहरातले. साबणाच्या मोठ्या वडीएवढा काळा फोन, वर शेंडी. साहेब म्हणाले, "तार नको, चोरी नको. थेट मास्तरशी बोला. सहा महिने बघायचं, चाललं तर सगळ्या लाइनीवर लावायचं."

मी विचारलं, "धुरपदाअक्काला ऐकू जाईल का?"

साहेब हसले. म्हणाले, "नाही मावशी, हा फक्त तुमचा आणि मास्तरचा. मधे कोणी नाही."

मला मावशी म्हणाले. मी तेवीस वर्षांची आहे.

ह्यांनी फोन हातात घेतला, उलटासुलटा केला. साहेबांनी वाजवून दाखवला. बारीक किणकिण. हे म्हणाले, "वाजवा ना." साहेब म्हणाले, "वाजतोय की." हे म्हणाले, "हां हां." मग फोन माझ्याकडे दिला.

९ डिसेंबर, बुधवार

घरात फोन चालत नाही. गेटच्या खोलीतही नाही. रेंज म्हणतात तिला, ती फक्त टेकाडावर येते. म्हसोबाचा दगड आणि लिंबाचं झाड आहे तिथं. गेटपासून एकशे वीस पावलं, मी मोजली. आता गाडीच्या वेळेला मी वर बसते. लिंबाला झोळी बांधली, भिकू झोळीत. हे खाली चाकापाशी.

रीत तीच आहे जी तारेवर होती. नानांचा फोन आला की आधी गेट पाडायचं. मग मी पत्र्याच्या डब्यातला छापील कागद काढून त्यावरचा पुढचा आकडा सांगायचा. आकडे ओळीने नसतात, उलटसुलट छापलेले असतात. आज एकोणचाळीस होता. नाना तो लिहून घेतात आणि मगच गाडी सोडतात. आकडा म्हणजे गेट बंद झाल्याची शपथ. एकदा दिला की खोडायचा. नाना पहिल्या दिवसापासून बजावत आलेत, आधी गेट, मग आकडा.

आता मी वरून हात हलवते, हे गेट पाडतात, हात वर करतात, मग मी आकडा सांगते.

आज मी नानांना आपणहून फोन लावला, बैलगाडी अडकली होती ते सांगायला. एक बाई बोलली. हिंदीत. सगळ्या लाइनी व्यस्त आहेत म्हणाली. मी म्हटलं, "बाई, मास्तरांना द्या ना, अर्जंट आहे." तिने परत तेच सांगितलं. मी म्हटलं, "बरं बाई, तुमचंही काम असेल." तिला राग आला असेल का? आवाज तर गोड होता. टेशनावर अशी कोणी बाई नाही. कुठं बसत असेल?

१८ डिसेंबर, शुक्रवार

मी एक युक्ती काढली.

होतं काय, नानांचा फोन येतो, मी हात हलवते, पण रस्त्यावर कापसाच्या गाड्या असतात. त्या निघेपर्यंत गेट पडत नाही. तेवढ्यात फोन कट होतो. मग नाना परत लावतात, लागत नाही. गाडी तिकडं उभी. वरचे साहेब नानांवर ओरडतात. काल नाना मला म्हणाले, "बाई, चार दिवसात तीनदा गाडी माझ्यामुळे लेट. माझं रिटायरमेंट जवळ आहे."

म्हणून आता मी फोन आला की लगेच आकडा देते, मग हात हलवते. हे गेट पाडतात. टेशनावरून गाडी सुटली की आमच्याकडे यायला नऊ मिनिटं लागतात. गेट पाडायला दोन. मग काय बिघडतं? नाना खूश आहेत. म्हणाले, "आता कसं पटापट होतं!" ह्यांना मी सांगितलं नाही. हे नियमाचे फार पक्के.

तारेवर असतं तर अक्का बोलली असती, "ए कुंदे, चाकाचा आवाज नही उना, आकडा कसा देस?" चाक फार करकरतं, तिला तिकडं ऐकू जायचं. तिच्या कानातून काही सुटत नसे.

२७ डिसेंबर, रविवार

एक माणूस रोज फोन करतो. "कय्युमभाई, ट्रक निकला क्या?" मी सांगते इथं कय्युम नाही, इथं रेल्वेचं गेट आहे. तो म्हणतो, "अच्छा भाभी, उनको बोलना." केळीवाला आहे. हा फोन फक्त माझा आणि मास्तरचा होता ना?

आज भिकू ओट्यावरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं. केवढ्याने रडली. हे दोन हातांच्या अंतरावर, पाठ करून विळा घासत बसले होते. वळूनसुद्धा बघितलं नाही. मी आत पाणी आणायला गेले होते, धावत आले. मी खूप बोलले ह्यांना. दगड आहात, पोरगी म्हणून बघत नाही, मुलगा असता तर बघितलं असतं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग भिकूला उचललं आणि तिचं तोंड आपल्या छातीला लावून बसले. बराच वेळ.

६ जानेवारी १९९९, बुधवार

ह्यांच्या नावाचा कागद आला. इंग्रजी. मी विचारलं काय आहे, म्हणाले, बोलावलंय भुसावळला तपासायला. काय तपासायला ते सांगितलं नाही. कागद घडी घालून पत्र्याच्या फटीत खोचला. बदली असेल. मला बोलत नाहीत. जेवलेही नाहीत.

१५ जानेवारी, शुक्रवार

काल संक्रांत. 

दुपारची पाशिंजर होती. मी भिकूला घेऊन वर बसले होते. नानांचा फोन आला. मी एकसष्ट आकडा दिला. हात हलवला. हे चाक फिरवायला लागले. तेवढ्यात कापसाची एक बैलगाडी घाईने आत घुसली आणि बरोबर रुळावर तिचं चाक निखळलं. गाडी एका अंगावर बसली. कापसाचा डोंगर रुळावर. गाडीवान ओरडला, "ओ भाऊ, चाक गयं, चाक गयं!"

ह्यांनी मला वरती पंजा दाखवला. थांब. आकडा देऊ नको.

आकडा तर मी देऊन बसले होते.

मी नानांना फोन लावला. ती बाई म्हणाली सगळ्या लाइनी व्यस्त आहेत. परत लावला. परत तीच. मी तिच्या पाया पडले. खोटं नाही, खरंच फोनला हात जोडले. म्हटलं, "बाई, तुला पोरं असतील, मास्तरांना सांग." ती तेच बोलली, त्याच गोड आवाजात. सण होता. सगळं जग तिळगूळ घ्या म्हणत बसलं असेल.

मी फोन तिथंच टाकला आणि पळाले. पळता पळता ओरडत होते, "आकडा दिला! गाडी सुटली! अहो, आकडा दिला!" गाडीवानाने वळून बघितलं. बैलांनी माना वर केल्या. हे खाली वाकून बैलगाडीला खांदा लावत होते. पाठ माझ्याकडे. वीस पावलांवरून ओरडले, दहा पावलांवरून ओरडले. ह्यांनी मान वर केली नाही. शेवटी मी शर्ट धरून ओढला. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी परत तेच बोलले. रुळावर पंजा टेकवला. उठले, खोलीत गेले, फटाक्याचा डबा घेतला, लाल झेंडी घेतली आणि टेशनाच्या दिशेने रुळातून पळत सुटले. रुळावर बांधायचे फटाके असतात. इंजिनचं चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि डायवर गाडी थांबवतो. मी मागे पळत होते. का पळत होते माहीत नाही.

वळणाच्या अलीकडे ह्यांनी तीन फटाके बांधले. मग माझ्याकडे तोंड करून परत पळत आले. गाडी त्यांच्या पाठीमागून वळणावर दिसली.

पहिला बार झाला. मी रुळाच्या कडेला कान दाबून खाली बसले. बाभळीवरचे बगळे उडाले. दुसरा. तिसरा. ब्रेक किंचाळला.

हे माझ्यासमोर उभे होते, गाडीकडे पाठ करून. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. बगळे उडताना बघितले आणि मला विचारलं, "फुटना का? कुंदा, फुटना का फटाका?"

मी नुसती मान हलवली.

गाडी कापसाच्या गाडीपासून अंदाजे दोन डब्यांएवढ्या अंतरावर थांबली. डायवर खाली उतरला, शिव्या देत. विचारलं, "आकडा कोणी दिला रे?" हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "मी दिला."

तेव्हा मला आठवलं, भिकू वर आहे.

कशी चढले माहीत नाही. भिकू झोळीतून उतरून म्हसोबाच्या दगडाला टेकून बसली होती. फोन तिच्या हातात, शेंडी तोंडात. आणि फोनमधून आवाज येत होता, "हॅलो, कय्युमभाई, तिळगूळ लो, मीठा बोलो."

१७ जानेवारी, रविवार

धुरपदाअक्का चालत आली. पाच किलोमीटर. पहिल्यांदाच तिला जवळून नीट बघितलं. तारेवर मला ती उंच वाटायची. एवढीशी आहे.

मी तिला सगळं सांगितलं. रडले. म्हटलं, "अक्का, ह्यांना ऐकू येत नाही."

ती भिकूच्या टाळूला तेल लावत होती. म्हणाली, "माले ठाऊक शे."

"कसं?"

"तीन वरीस व्हयनात. निंबाना आवाज तारवर एकदाबी ऐका नही. घंटी वाजस, मंग तूच बोलस. पहिले बोले तो. मंग बंद व्हयना. जीवराम नानालेबी ठाऊक शे. तू आकडा दिधा का नाना थांबे. चाकाचा आवाज ऐके, मंग गाडी सोडे. बठ्ठासले ठाऊक व्हतं."

"सगळ्यांना? मग मला का नाही सांगितलं?"

"तू आधीच भित्री, बाई. आखो भ्याडवू का तुले? आम्ही व्हतू ना तारवर."

हे बाहेर गेटपाशी बसले होते, पंजा रुळावर टेकवून. किती वर्षं मी त्या पंजाचं कौतुक करत होते.

रात्रंदिवस हं हं म्हणणाऱ्या माणसावर मी किती चिडले. दगड म्हटलं.

२० जानेवारी, बुधवार

साहेब आले चौकशीला. तेच दोघे आणि अजून एक, मोठे. नानाही आले होते, टोपी हातात धरून.

हे पुन्हा म्हणाले, आकडा मी दिला. मोठे साहेब लिहायला लागले. मला माहीत होतं, त्या कागदावर सही झाली की नोकरी गेली. आणि खरं सांगितलं तरी नोकरी जाईल, असंच मला वाटत होतं. दोन्हीकडून खोली जाणार. भिकूला घेऊन कुठं जाऊ? मी दाराच्या आड उभी होते.

पण मग मनात आलं, पुढच्या वेळेला बैलगाडी नसेल, माणसं असतील. भिकू असेल.

मी बाहेर आले. म्हटलं, "साहेब, आकडा मी दिला. गेट पडायच्या आधी दिला, महिनाभर तसाच देत होते. आणि ह्यांना ऐकू येत नाही. फटाक्याचा बारही ऐकू आला नाही. तरी गाडी ह्यांनीच थांबवली."

ह्यांनी माझं तोंड बघितलं होतं. सगळं कळलं त्यांना. उठले आणि विहिरीकडे निघून गेले.

नाना म्हणाले, "साहेब, चूक माझीपण लिहा. मला ठाऊक होतं. आणि ह्या नव्या फोनात चाकाचा आवाज येत नव्हता, तरी मी गाडी सोडत होतो."

३० जानेवारी, शनिवार

दहा दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. आज भुसावळहून कान तपासून आले. दारात उभे राहिले. म्हणाले, "नोकरी शे." कानामुळे गेट नाही, पण स्टोअरात सामान मांडायचं काम देणार आहेत, खोलीही देणार. असा नियमच आहे म्हणे. नाना नियमाचं पुस्तक घेऊन बरोबर गेले होते. एवढे दिवस दोघांनी भिऊन लपवलं, त्यांनी माझ्यापासून, मी त्यांच्यापासून.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, उजेडात, म्हणजे तोंड दिसेल. म्हटलं, "माझं चुकलं. दगड म्हटलं होतं."

म्हणाले, "ते ऐकू नही उनं." आणि हसले. किती वर्षांनी.

११ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या जायचं. परवा तार परत ओढली, ह्या वेळी लोखंडाची, चोराला नको अशी. फोनवाले साहेब मोबाईल न्यायला आले. जरा खट्टू दिसले. म्हणाले, "मावशी, पुढं कधीतरी हा चांगला होईल बघा. सगळ्या गाड्या ह्यावरच चालतील." मी म्हटलं, "होईल हो. तुम्ही हुशार आहात. पण त्यात धुरपदाअक्कालाही बसवा."

ती लाइनी व्यस्तवाली बाई माणूस नाही, मशीन आहे, तेही त्यांनीच सांगितलं. मला बरं वाटलं. माणूस असती तर तिला जन्मभर माफ केलं नसतं.

नवा गेटमन खाजा आला आहे. बायको जैनब, पोटुशी आहे. ती आल्यापासून चुलीपाशी गप्प बसून होती. मी तिला पेटीपाशी नेलं, फोन तिच्या हातात दिला. घंटी दोनदा लांब, एकदा आखूड, सांगितलं. तिकडून आवाज आला, "कोण व? नवी का?" जैनब दचकली आणि मग हसली.

मग मी फोन घेतला. म्हटलं, "मधलं गेट. मी कुंदा. उद्या चालले." सगळे एकदम बोलायला लागले, कोणाचंच कळेना. हे दारात उभे होते. आत आले. माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडाशी धरला. फार मोठ्याने बोलले, कारण किती मोठ्याने बोलतो ते त्यांना कळत नाही.

"मी निंबा. तुम्ही बठ्ठासनी सांभाळं. येतू."

माझा कान फोनला टेकवलेला होता. तारेवर कोणीतरी नाक ओढलं. मग नाना म्हणाले, "कुंदाबाई, त्याला सांगा फोन ठेव आणि हात पेटीवर ठेव."

मी ह्यांचा हात धरला आणि पेटीवर ठेवला.

सगळ्या गेटांनी एकदम आपापल्या फोनची घंटीची दांडी फिरवली. घंटी वाजली, थांबेचना. भिकूने कानांवर हात घेतले. पेटी भिंतीवर थडथडत होती. ह्यांचा पंजा तिच्यावर पसरलेला होता, प्रत्येकाचा झटका हाताला ओळखू येत होता, आणि हे एकेक गेटाचं नाव घेत होते.